कर्ब उत्सर्जनाने हवा किती बदलते? पहिल्यांदा हिशेब मांडणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शक

मी हा हिशेब पहिल्यांदा मांडायला बसलो तेव्हा समोर दोन तक्ते होते. एक सांगत होता, की कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १० अब्ज टन उत्सर्जन करतो. दुसऱ्यात त्याच वर्षासमोर ३७ अब्ज टन लिहिलेलं होतं. कोणता तक्ता चुकला हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. दोन्ही बरोबर होते. एक कार्बनचं वजन सांगत होता, दुसरा कार्बन डायऑक्साइडचं.

असे दोन-दोन दिवस मी बऱ्याच ठिकाणी घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. यात उच्च गणित नाही. त्रैराशिक येत असेल आणि स्प्रेडशीटमध्ये सूत्र लिहिता येत असेल, तर माणसाने हवेत किती कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडला, त्यातला किती हवेत राहिला आणि पुढे काय होईल, याचा भरवशाचा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकता. हा हिशेब स्वतःच्या हाताने एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं. या विषयावर ठाम बोलणारे पुष्कळ असतात, ताळा करून पाहिलेले फार थोडे.

काय काय जवळ हवं

- कोणतीही साधी स्प्रेडशीट. कॅल्क्युलेटर आणि कागदही चालतील, पण आठव्या पायरीत हात दुखतील.
- उत्सर्जनाचा वार्षिक तक्ता. 'ग्लोबल कार्बन बजेट' या नावाने दरवर्षी प्रसिद्ध होणारा ताळेबंद घ्या. त्यात जीवाश्म इंधनं, जंगलतोड, समुद्र आणि जमीन यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात.
- हवेतल्या प्रमाणाची मोजमापं. हवाई बेटावरच्या मौना लोआ केंद्राची मासिक आणि वार्षिक मालिका, शिवाय जागतिक सरासरीची मालिका. अमेरिकेची नोआ ही संस्था दोन्ही विनामूल्य देते.
- इंधनापासून सुरुवात करायची असेल तर आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २००६च्या मार्गदर्शक तत्त्वांमधले उत्सर्जन गुणांक.
- एक वही. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक, तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला उतरवला हे लिहिण्यासाठी. ही वही तुम्हाला अनावश्यक वाटेल. मलाही वाटली होती, आणि नंतर तिच्याचमुळे अर्ध्या चुका सापडल्या.

१. आधी एककं पक्की करा

कार्बनच्या अणूचं वजन १२, ऑक्सिजनचं १६. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून रेणूचं वजन ४४. यावरून १ टन कार्बन जळला, की ४४ ÷ १२ = ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सुरुवातीला सांगितलेल्या १० आणि ३७ मधला फरक तो हाच.

तुम्ही दोनपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. मी कार्बन वापरतो, कारण झाडात, समुद्रात, खडकात कार्बन वेगवेगळ्या रूपांत असतो आणि हिशेब कार्बनचाच जुळवायचा असतो. या लेखात जिथे नुसतं 'गिगाटन' म्हटलं आहे, तिथे कार्बनचं वजन समजा. एक गिगाटन म्हणजे १ अब्ज टन, म्हणजेच १०० कोटी टन. काही तक्त्यांत पेटाग्रॅम असं एकक दिसेल, तेही तितकंच.

आणखी दोन सापळे. अमेरिकी 'शॉर्ट टन' ९०७ किलोचा असतो, तेव्हा तक्ता कोणत्या देशातला आहे ते पाहा. दुसरा जास्त फसवा आहे. 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' असं शीर्षक असलेल्या आकड्यात मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे वायू त्यांच्या उष्णता अडवण्याच्या क्षमतेनुसार मिसळलेले असतात. २०१९ साली हा एकत्रित आकडा सुमारे ५९ अब्ज टन होता. तो घेऊन हवेतला कार्बन डायऑक्साइड काढायला गेलात, तर उत्तर सरळ दीडपट चुकेल, कारण समतुल्य मिथेन म्हणजे हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड नव्हे.

२. हवेचं वजन काढा

उत्सर्जन टनांत मोजतात आणि हवेतलं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती रेणू. या दोहोंना जोडणारा एक आकडा लागतो: हवेतलं प्रमाण १ पीपीएमने वाढवायला किती कार्बन लागतो? तो बहुतेक ठिकाणी आयता मिळतो. तरी एकदा स्वतः काढा, नंतर त्याच्यावर विश्वास बसतो.

हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा सरासरी दाब सुमारे ९८५ हेक्टोपास्कल आहे. पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. पास्कल आणि चौरस मीटरमध्ये बदलून दाबाला क्षेत्रफळाने गुणून गुरुत्वाच्या ९.८ने भागलं, की हवेचं एकूण वस्तुमान येतं: जवळपास ५१ लाख गिगाटन. इथे समुद्रसपाटीचा १,०१३ हेक्टोपास्कल दाब घेऊ नका. जमीन उंचसखल आहे, डोंगर-पठारांवर हवेचा थर कमी, त्यामुळे खरी सरासरी कमी भरते. काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत बाष्पासह ५१.४८ लाख आणि बाष्प वगळून ५१.३५ लाख गिगाटन येतात. पीपीएम कोरड्या हवेचं असल्यामुळे आपण दुसरा आकडा घ्यायचा.

त्याचा दहा लाखावा हिस्सा ५.१३५ गिगाटन. पण पीपीएम रेणूंची मोजदाद आहे, वजनाची नाही. हवेच्या सरासरी रेणूचं वजन २८.९७ आणि कार्बनचं १२.०१, म्हणून

५.१३५ × १२.०१ ÷ २८.९७ = २.१३ गिगाटन कार्बन.

कार्बन डायऑक्साइडच्या वजनात हेच ७.८ अब्ज टन होतात. २.१३ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे.

३. उत्सर्जनाचा आकडा मिळवा

जगाचा हिशेब करत असाल तर तयार तक्ता घ्या. २०१४ ते २०२३ या दशकात जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून सरासरी ९.७ गिगाटन, तर जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल यांतून १.१ गिगाटन, असं वर्षाला १०.८ गिगाटन उत्सर्जन झालं. नवखे लोक दुसरा भाग हमखास विसरतात. आज तो लहान दिसतो, पण एकोणिसाव्या शतकाचा हिशेब त्याच्याशिवाय उभाच राहत नाही, कारण तेव्हा जंगलतोडीचा वाटा कोळशापेक्षा मोठा होता.

एखाद्या कारखान्याचं किंवा एखाद्या इंधनाचं उत्सर्जन काढायचं असेल तर साखळी अशी: इंधनाचं वजन × उष्मांक मूल्य (जळताना मिळणारी उष्णता) × उत्सर्जन गुणांक (तेवढ्या उष्णतेमागे सुटणारा कार्बन डायऑक्साइड). सर्वसाधारण बिट्युमिनस कोळशाचं उष्मांक मूल्य टनाला २५.८ गिगाज्यूल आणि गुणांक गिगाज्यूलला ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. गुणाकार केला की एका टन कोळशामागे २.४४ टन कार्बन डायऑक्साइड येतो. पेट्रोलचा लिटरमागे साधारण २.३ किलो, डिझेलचा २.७ किलो. इंधनापेक्षा धूर जड कसा, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. धुरातला ऑक्सिजन हवेतून आलेला असतो, टाकीतून नाही.

इथला सापळा म्हणजे उष्मांक मूल्याचे दोन प्रकार: स्थूल आणि निव्वळ. जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता धरायची की नाही, यावरून ते ठरतात. कोळसा आणि तेलात फरक ५ टक्क्यांच्या आसपास, नैसर्गिक वायूत १० टक्क्यांच्या. वर दिलेले गुणांक निव्वळ मूल्यासाठी आहेत. सिमेंटचा भाग वेगळा काढावा लागतो, कारण चुनखडी भाजताना तिच्या वजनाच्या ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो, भट्टीतलं इंधन निराळंच.

४. हवेची मोजमापं उतरवून घ्या

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये मौना लोआवर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, नियमित मोजणी सुरू केली. पहिल्या पूर्ण वर्षाची, म्हणजे १९५९ची सरासरी ३१५.९८ पीपीएम. २०२३ची ४२१.०८, आणि २०२४ची ४२४.६१. शेजारी ज्वालामुखी असूनही ही जागा चालते, कारण ज्वालामुखीकडून येणारा वायू प्रमाणातल्या अचानक चढउतारांवरून ओळखता येतो आणि त्या तासांच्या नोंदी गाळल्या जातात.

मालिका उतरवताना चार गोष्टी तपासा.

एक, ऋतूंची चढउतार. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वाढताना कर्बवायू ओढून घेतात आणि हिवाळ्यात तो परत सुटतो. म्हणून मौना लोआचा आलेख मे महिन्यात टोकाला जातो, सप्टेंबरच्या सुमारास तळ गाठतो, आणि हा फरक साधारण ६ पीपीएमचा असतो. मेची तुलना सप्टेंबरशी केली, तर प्रमाण घटतंय असं वाटेल. मेची तुलना मेशीच करा, किंवा वार्षिक सरासरी घ्या.

दोन, गहाळ नोंदी. साप्ताहिक फाइलमध्ये जिथे मोजणी झाली नाही तिथे उणे ९९९.९९ असा आकडा भरलेला असतो. मी तो न काढता सरासरी घेतली आणि एका वर्षाचं प्रमाण थेट हिमयुगातल्या पातळीच्याही खाली गेलं. चूक इतकी मोठी होती म्हणून लगेच सापडली. मोठ्या मालिकेत अशी एखाद-दुसरी नोंद राहून गेली, तर ती सहज लपून जाते.

तीन, मापनाची पट्टी. जागतिक हवामान संघटनेची प्रमाण पट्टी बदलून एक्स२०१९ अशी आली, तेव्हा जुने आकडेही किंचित वर सरकले. ४०० पीपीएमच्या आसपास सुमारे ०.२ने. जुन्या फाइलच्या खाली नव्या फाइलच्या ओळी चिकटवल्या, तर सांध्यावर खोटी उडी दिसते.

चार, केंद्र की जग? २०२३ची जागतिक सरासरी मौना लोआपेक्षा जवळपास २ पीपीएमने कमी आहे. वाढीचा वेग दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे कोणतीही मालिका चालेल. अर्धी एक आणि अर्धी दुसरी मात्र घेऊ नका.

५. ताळा करा

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा.

मौना लोआची २०१३ची सरासरी ३९६.७४ आणि २०२३ची ४२१.०८. दहा वर्षांत वाढ २४.३४ पीपीएम, म्हणजे वर्षाला २.४३. त्याला २.१३ने गुणा: ५.१८ गिगाटन. हा हवेत साठलेला कार्बन.

आपण सोडला १०.८ गिगाटन. तो सगळा हवेतच राहिला असता तर वाढ १०.८ ÷ २.१३ = ५.०७ पीपीएम झाली असती. प्रत्यक्षात निम्म्याहून थोडी कमी झाली: ५.१८ ÷ १०.८ = ०.४८. या गुणोत्तराला हवेत उरणारा अंश म्हणूया. अनेक दशकं तो ०.४४ ते ०.४८च्या आसपास घुटमळतो आहे.

उरलेला गेला कुठे? ताळेबंदात समुद्राच्या खाती २.९ गिगाटन आणि जमिनीवरच्या वनस्पती व मातीच्या खाती ३.२ गिगाटन मांडलेले आहेत. बेरीज करून पाहा: ५.२ + २.९ + ३.२ = ११.३. खर्च १०.८चा आणि जमा ११.३ची! सुमारे अर्ध्या गिगाटनाचा मेळ बसत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असं समजून सगळं पुन्हा मांडलं. चूक नव्हती. समुद्र आणि जमीन यांचे आकडे स्वतंत्र पद्धतींनी काढलेले असतात, एकमेकांतून वजा करून नव्हे, त्यामुळे थोडा फरक राहतोच, आणि ताळेबंद मांडणारे तो झाकत नाहीत, 'असमतोल' म्हणून वेगळा दाखवतात. तुम्हीही तसंच करा. बेरीज जुळवण्यासाठी कोणताही आकडा ओढूनताणून बसवू नका.

एक बारकावा. वार्षिक सरासरी वर्षाच्या मध्यावरची स्थिती सांगते. त्यामुळे वरची वाढ खरं तर २०१३च्या मध्यापासून २०२३च्या मध्यापर्यंतची आहे, उत्सर्जन मात्र जानेवारी ते डिसेंबर. दहा वर्षांच्या हिशेबात हा सहा महिन्यांचा सरक फारसा जाणवत नाही. एका वर्षाच्या हिशेबात तो उत्तर बिघडवतो.

लांबचा ताळाही करून पाहा. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात माणसाने सुमारे २,३९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. ७.८ने भागा: ३०६ पीपीएम. बर्फात अडकलेल्या हवेवरून १८५०चं प्रमाण सुमारे २८५ पीपीएम होतं आणि २०१९ची जागतिक सरासरी ४१०. प्रत्यक्ष वाढ १२५. उरलेला अंश ०.४१. वेगळी मालिका, वेगळा काळ, आणि उत्तर त्याच पट्ट्याच्या जवळ.

हाच हिशेब गाय कॅलेंडर या इंग्लिश वाफ-अभियंत्याने १९३८ साली मांडला होता. मागच्या अर्ध्या शतकात सुमारे १५० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला आणि त्यातला तीन चतुर्थांश तिथेच राहिला, असा त्याचा अंदाज. आपल्या गुणकाने पाहिलं तर ती १४ पीपीएमच्या आसपासची वाढ होते. तीन चतुर्थांश हा वाटा जास्त धरलेला होता. पण मौना लोआवरची मोजणी सुरू व्हायच्या वीस वर्षं आधी, विखुरलेल्या जुन्या नोंदींवरून एका माणसाने ही दिशा पकडली होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

६. वाढ माणसामुळेच, हे कशावरून ते वहीत लिहा

निसर्गातली देवाणघेवाण माणसाच्या उत्सर्जनापेक्षा कितीतरी मोठी आहे, मग वाढ निसर्गामुळे कशावरून नाही? हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. उत्तर पाचव्या पायरीतच आहे. घरात येणारं-जाणारं धान्य कितीही असो; तुम्ही कोठारात दहा पोती टाकलीत आणि वर्षअखेर साठा पाचच पोत्यांनी वाढला, तर बाकी सगळ्यांनी मिळून त्यातून पाच पोती नेली, भरली नाहीत. आपण १०.८ सोडतो आणि हवा ५.२ने वाढते, याचा अर्थ निसर्ग एकूण जमेला धरून कार्बन घेतो आहे. वाढीचा उगम तो असू शकत नाही.

पुरावा एवढ्यावर थांबत नाही. कार्बनचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. वनस्पती त्यातला हलका, कार्बन-१२, जास्त पसंत करतात. कोळसा आणि तेल मूळच्या वनस्पतींपासून बनलेले, म्हणून त्यांच्या धुराने हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण घटतं आहे. मोजणीच्या परिभाषेत, म्हणजे ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा हजारी किती कमी-जास्त या मापात, ते औद्योगिक काळापूर्वीच्या उणे ६.५वरून आता उणे ८.५च्या आसपास आलं आहे. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरतच नाही, म्हणून कोळशाच्या धुराने हवेतल्या कार्बनमधला त्याचा वाटाही घटतो. शिवाय राल्फ कीलिंग यांच्या मोजणीने दाखवलं, की हवेतला ऑक्सिजन दरवर्षी थोडा कमी होतो आहे, जसा तो काही जळताना व्हायला हवा. समुद्रातून नुसता कर्बवायू बाहेर पडत असता, तर ऑक्सिजन असा घटला नसता. ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे श्वासाला धोका नाही. इथे तो साक्षीदार म्हणून महत्त्वाचा आहे.

आणि माणसांच्या श्वासोच्छ्वासाचं काय? तो हिशेबात धरायचा नाही. आपण खातो तो कार्बन नुकताच हवेतून पिकात आलेला असतो आणि तोच परत जातो.

७. एका वर्षाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका

२०२०मध्ये जगभर व्यवहार थांबले आणि जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. तरी मौना लोआची सरासरी ४११.६५वरून ४१४.२१वर गेली. तेव्हा मला किती जणांनी विचारलं, की मग उत्सर्जन आणि हवा यांचा संबंधच नाही का?

त्रैराशिक करा. ५ टक्के म्हणजे अर्धा गिगाटन. २.१३ने भागलं तर ०.२३ पीपीएम. जास्तीत जास्त एवढाच फरक पडू शकत होता. आता वर्षावर्षाची नैसर्गिक हेलकावणी पाहा: २०१५ ते २०१६ वाढ ३.४०, २०१७ ते २०१८ वाढ १.९६. एल निनोच्या काळात उष्ण प्रदेशात दुष्काळ आणि वणवे वाढतात, जमीन कमी कार्बन घेते आणि वाढ उसळते. या हेलकाव्यात ०.२३चा फरक शोधणं म्हणजे लाटा उसळत असताना पाण्याची पातळी बोटभर उतरली का ते पाहणं. वाढ तर चालू राहणारच होती, कारण नळ ९५ टक्के उघडाच होता.

किमान पाच, शक्यतो दहा वर्षांची सरासरी घ्या.

८. पुढचा अंदाज काढा

सोपी पद्धत: पुढच्या वर्षाचं उत्सर्जन × ०.४५ ÷ २.१३. उत्सर्जन आजच्याइतकंच राहिलं तर वर्षाला २.३ पीपीएमच्या आसपास वाढ. जवळच्या काही वर्षांसाठी हे पुरतं.

पण या पद्धतीत एक खोल खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो. समजा उत्सर्जन एकदम निम्मं झालं. सोपं सूत्र म्हणेल, वाढही निम्मी होईल. तसं होत नाही. समुद्र आणि जमीन या वर्षीचं उत्सर्जन पाहून कार्बन घेत नाहीत. आजवर साठून हवेत जे जास्तीचं प्रमाण झालं आहे, त्याच्या दाबाने घेतात. ते सुरुवातीला साडेपाच-सहा गिगाटन घेतच राहतील. म्हणजे उत्सर्जन ५.४ गिगाटनवर आलं तर निदान सुरुवातीला हवेतलं प्रमाण जवळजवळ स्थिर होईल. हवेत उरणारा अंश हा निसर्गाचा नियम नाही; उत्सर्जन कित्येक दशकं सतत वाढत राहिल्यामुळे तो स्थिर दिसला. उत्सर्जनाची दिशा बदलली, की हा अंशही बदलतो. उलट, उत्सर्जन पूर्ण थांबलं तर सोपं सूत्र म्हणतं प्रमाण आहे तिथेच राहील, आणि खऱ्या जगात ते हळूहळू उतरू लागेल.

म्हणून लांबच्या अंदाजासाठी क्षयवक्र वापरा. बर्न विद्यापीठातले फोर्चुनाट योस आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अनेक प्रारूपांची सरासरी काढून तो दिला. एकदा सोडलेल्या कार्बनपैकी 'व' वर्षांनी हवेत उरणारा भाग असा:

०.२१७३ + ०.२२४० × क्षय(व ÷ ३९४.४) + ०.२८२४ × क्षय(व ÷ ३६.५४) + ०.२७६३ × क्षय(व ÷ ४.३०४)

इथे क्षय म्हणजे स्प्रेडशीटमधलं घातांकी फंक्शन, कंसातल्या संख्येला उणे चिन्ह लावून. सूत्र बरोबर बसलं का ते या उत्तरांवरून तपासा: १० वर्षांनी ०.६८, २० वर्षांनी ०.६०, ५० वर्षांनी ०.४९, १०० वर्षांनी ०.४१.

आता एका स्तंभात वर्षं, दुसऱ्यात उत्सर्जन. ज्या वर्षाचं प्रमाण हवं, त्यासाठी आधीच्या प्रत्येक वर्षाचं उत्सर्जन त्याच्या वयाच्या उरलेल्या भागाने गुणा, सगळ्याची बेरीज करा, २.१३ने भागा आणि औद्योगिक काळापूर्वीच्या २७८ पीपीएममध्ये मिळवा. आधी हे १९५९पासूनच्या वर्षांवर चालवा आणि मौना लोआच्या आकड्यांशेजारी ठेवा. भूतकाळ बऱ्यापैकी जुळल्याशिवाय भविष्याकडे जाऊ नका.

पहिल्या पदाकडे थोडं थांबून पाहा. ०.२१७३ला क्षय नाही. आज सोडलेल्या कार्बनचा पाचवा हिस्सा या सूत्राच्या पल्ल्यात हवेतून जातच नाही. समुद्रतळाचा गाळ आणि खडकांची झीज त्याला अखेर ओढून घेतील, पण त्याला हजारो वर्षं लागतात. 'एक रेणू हवेत चार-पाच वर्षंच राहतो' असं कुणी सांगितलं, तर तो रेणूंच्या अदलाबदलीबद्दल बोलतो आहे. एक रेणू समुद्रात जातो तेव्हा बहुतेक वेळा दुसरा बाहेर येतो. साठा त्याने कमी होत नाही.

या वक्राचीही मर्यादा आहे. तो आजच्यासारख्या हवेत सोडलेल्या मर्यादित कार्बनसाठी बसवलेला आहे. समुद्राच्या पाण्याचं रसायन असं, की हवेतलं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर पाण्यात विरघळलेला अजैविक कार्बन साधारण १ टक्क्यानेच वाढतो, आणि पाणी आम्लतेकडे झुकेल तशी ही क्षमता आणखी घटते. फार मोठ्या उत्सर्जनाच्या कल्पनेत वक्राचं उत्तर खऱ्यापेक्षा सौम्य येईल.

९. उष्णतेपर्यंत जायचं असेल तर

हे थोडक्यात. वाढलेल्या प्रमाणामुळे अडणारी ऊर्जा: ५.३५ × नैसर्गिक लॉगॅरिदम (आजचं प्रमाण ÷ २७८). ४२१साठी चौरस मीटरला २.२ वॅट. स्प्रेडशीटमध्ये दहाच्या पायाचा लॉगॅरिदम निवडला, तर उत्तर निम्म्याहून कमी येतं, तेवढं सांभाळा. तापमानासाठी सगळ्यात सरळ वाट एकूण उत्सर्जनाची: दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश सेल्सियस, शक्य पट्टा ०.२७ ते ०.६३. २,३९०ला गुणा, १.०८ अंश येतात.

१०. अनिश्चितता आकड्यांत लिहा

जीवाश्म उत्सर्जनात अधिक-उणे ०.५ गिगाटन, जमिनीच्या वापरात अधिक-उणे ०.७. यांची सरळ बेरीज करायची नसते. वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा: ०.९. म्हणजे उत्सर्जन ९.९ ते ११.७च्या दरम्यान आणि हवेत उरलेला अंश ०.४४ ते ०.५२. लक्षात घ्या, हवेचं मोजमाप इतकं काटेकोर आहे, की जवळजवळ सगळी अनिश्चितता उत्सर्जनाच्या बाजूने येते, आणि त्यातही मोठी जंगलतोडीच्या आकड्यातून.

शेवटची सूचना पुढच्या वर्षासाठी. नवा ताळेबंद आला की जुन्या तक्त्याखाली फक्त एक ओळ वाढवू नका. मागच्या वर्षांचे आकडेही दरवर्षी दुरुस्त होतात, विशेषतः जमिनीच्या वापराचे. पूर्ण मालिका नव्याने उतरवा, फाइलच्या नावात तारीख घाला, जुनी फाइल जपून ठेवा आणि पाचव्या पायरीचा ताळा पुन्हा करा.